आल्कासार: आधी गाणं, मग महाल

फेब्रुवारीतल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही कुणाकडे जेवायला जात नाही. स्टॉकहोमला आल्यापासूनचा हा आमच्या घरचा नेम आहे. त्या वेळी टीव्हीवर 'मेलोदिफेस्तिवालेन' असतं. युरोव्हिजनला स्वीडनकडून कोणतं गाणं जायचं ते या स्पर्धेत ठरतं, आणि आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे ती बघायला बसतात. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला तर जुन्या वर्षांची गाणीही पाठ आहेत. यंदा तिला 'आल्कासार' सापडले.

'आल्कासार' हा 1998 मध्ये जमलेला स्वीडिश डान्स-पॉप गट. सुरुवातीला तिघं होते: आंद्रेआस लुंडस्टेट, टेस मेर्केल आणि आनिकाफिओरे. 2002 मध्ये मॅग्नुस कार्लसन आला (बुद्धिबळातला कार्लसन वेगळा, तो नॉर्वेचा), पुढे लीना हेडलुंड आली. 2003, 2005 आणि 2014 अशा तीन वर्षी ते या स्पर्धेत तिसरे आले. पहिला नंबर कधी मिळाला नाही, तरी त्यांचं 2000 सालचं 'क्राइंग ॲट द डिस्कोटेक' लागलं की माझ्या ऑफिसातली एरवी हळू आवाजात बोलणारी माणसंसुद्धा उठून नाचतात. ते गाणं ज्या तुकड्यावर उभं आहे तो 1979 च्या 'स्पेसर'मधून घेतलेला आहे. 'स्पेसर' गायलं फ्रेंच गायिका शैलाने, आणि लिहिलं अमेरिकेतल्या 'शीक' बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी. म्हणजे न्यूयॉर्कचा ताल, पॅरिसचा आवाज, स्टॉकहोमची मांडणी, आणि डोक्यावर नाव अरबी.

"आई, आल्कासार म्हणजे काय गं?" लेकीने विचारलं. महाल, मी सांगितलं. "कुणाचा?" याचं उत्तर मला नीट देता येईना. फेब्रुवारीच्या शेवटी इथल्या शाळांना आठवडाभर 'स्पोर्टलोव', म्हणजे बर्फात खेळायची सुट्टी असते. आम्ही बर्फ सोडून मालागाची तिकिटं काढली.

दिवस पहिला: मालागा

आर्लांडाहून निघताना विमानाच्या पंखांवरचा बर्फ फवारे मारून काढत होते. चार-साडेचार तासांनी उतरलो तेव्हा अंगातली जाड जाकिटं कुठे ठेवावीत हा प्रश्न पडला. विमानातले निम्मे प्रवासी स्वीडिश आजी-आजोबा होते. हिवाळा काढायला ते इथे येतात.

संध्याकाळी 'आल्काथाबा' चढलो. डोंगराच्या उतारावर अकराव्या शतकातला किल्लेवजा महाल, आणि पायथ्याशी रोमन नाट्यगृह. हे नाट्यगृह 1951 पर्यंत मातीखाली होतं. वर महाल बांधणाऱ्यांनी खालचे रोमन खांब आणि दगड उचलून आपल्या दारांना लावले. चढणीवरच्या एका कमानीपाशी मी थांबून हात लावून पाहिला. दोन्ही बाजूंचे खांब गुळगुळीत, पांढरे, मधली कमान साध्या विटेची. दोघांच्या मध्ये हजार वर्षांचं अंतर आहे आणि फटीत बोटही शिरत नाही.

रात्री बाबांना सांगलीला फोन केला. ते तलाठी म्हणून निवृत्त झाले, सगळा जन्म दप्तरात गेला. मी नाव सांगितलं तसे ते म्हणाले, "परत म्हण बरं. आल काथाबा? अल कसबा?"

"हो बाबा, अल-कसबा. अरबीच आहे."

"अगं मग आपला कसबाच की तो! बाजारपेठेचं गाव असलं की नावाआधी कसबे, साधं गाव असलं की मौजे. तुझं आजोळ काय? कसबे डिग्रज."

मी क्षणभर गप्प झाले. तटबंदी असलेलं, कारभाराचं ठाणं म्हणजे कसबा. तोच शब्द फारसीतून आमच्या सातबाऱ्यावर आला, पुण्यात गणपतीच्या नावाला लागला, आणि इकडे पश्चिमेला मालागाच्या डोंगरावर चढून बसला. दुसरा शब्द 'आल्कासार', तो 'अल-कस्र'. मूळ लॅटिन 'कास्त्रुम', म्हणजे लष्करी तळ. रोमनांकडून तो अरबांनी उचलला आणि त्यांच्याकडून परत स्पॅनिश माणसांनी घेतला, अरबी 'अल' तसाच चिकटलेला ठेवून.

त्या रात्री लेकीला एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, शनिवारची फेरी हुकल्याचं. निकाल तिला मैत्रिणीने कळवले.

दिवस दुसरा: सेव्हियाकडे

रेल्वेचा प्रवास. खिडकीबाहेर ऑलिव्हच्या रांगाच रांगा आणि मध्ये मध्ये फुललेले बदाम. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी झाड असं भरलेलं की पान दिसत नाही. अकराव्या शतकात सेव्हियावर राज्य करणाऱ्या अल-मुतमिद या कवी-राजाची कथा इथे सांगतात. त्याची राणी इतिमाद हिला बर्फ बघायचा हट्ट झाला. त्याच्याच राज्यातल्या कोर्दोबात बर्फ कुठून आणणार? त्याने डोंगरभर बदाम लावले, म्हणजे दरवर्षी फेब्रुवारीत खिडकीतून पांढरं दिसेल. आम्ही बर्फ मागे टाकून ती फुलं बघायला आलो होतो, त्यामुळे ही कथा लेकीला फारच आवडली. राजाचा शेवट मात्र वाईट झाला. मोरोक्कोच्या अल्मोराविदांनी त्याचं राज्य घेतलं आणि 1095 मध्ये तो तिकडे आगमातला कैदेत मेला.

सेव्हियात रस्त्याच्या दुतर्फा नारिंगांची झाडं, फळांनी लगडलेली. स्पॅनिशमध्ये 'नारांखा'. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, आणि मग हे. गल्लीत पडलेलं एक फळ लेकीने सोलून तोंडात घातलं आणि लगेच थुंकून टाकलं. कडूजहर. अरबांनी इथे आधी आणलं ते हेच कडू नारिंग, सावलीसाठी, फुलांच्या वासासाठी आणि औषधासाठी. गोड संत्रं कितीतरी नंतर आलं.

दिवस तिसरा: आल्कासार

सकाळी साडेनऊच्या आत दारात. इथले लोक नावाचा उच्चार 'आल्कासार' असा करतात. माद्रिदकडे 'आल्काथार' म्हणतात, आपण इंग्रजीच्या वळणाने 'अल्काझार' म्हणतो. स्वीडिशमध्येही ते अक्षर 'स'च बोललं जातं. लेक जो उच्चार घेऊन आली होती तो तिकीट तपासणाऱ्या बाईंच्या तोंडी जसाच्या तसा ऐकून तिने माझा हात दाबला.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्दोबाच्या सुभेदारासाठी इथे वाडा उठला. मग अब्बादी राजांनी, म्हणजे अल-मुतमिदच्या घराण्याने भर घातली, मग मोरोक्कोकडून आलेल्या अल्मोहादांनी. 1248 मध्ये कास्तीय या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं. आता मला वाटत होतं, ख्रिस्ती राजाने जुनं सगळं पाडलं असेल आणि उरलंसुरलं आम्ही बघतोय. चौकात उभी राहिले आणि समजूत उलटी झाली. समोरचा जो सर्वांत 'मूरी' दिसणारा महाल, तो ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो याने 1364 च्या सुमारास स्वतःसाठी बांधवून घेतलेला. मूर म्हणजे युरोपीय लोकांनी उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या अरब-बर्बर मुसलमानांना दिलेलं नाव. त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढणाऱ्या घराण्यातला हा राजा. घर बांधायची वेळ आली तेव्हा त्याने सेव्हियाचे, तोलेदोचे आणि ग्रानादाचे मुसलमान कारागीर बोलावले.

दर्शनी भिंतीसमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. वर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा लांबट पट्टा आहे. दुरून नुसती भौमितिक नक्षी वाटते. नीट पाहिलं की कळतं, ती कूफी, म्हणजे कोनदार अरबी लिपी आहे. 'अल्लाहखेरीज कुणी विजेता नाही' हे ग्रानादाच्या नासरी सुलतानांचं ब्रीदवाक्य, एकदा सरळ आणि एकदा आरशात पाहिल्यासारखं उलटं, पुन्हा पुन्हा. आणि त्याच पट्ट्याभोवती गॉथिक अक्षरांत कास्तीयच्या भाषेत: अति उच्च, अति थोर, अति बलाढ्य, विजेता डॉन पेद्रो याने हे महाल बांधवले, सन 1402. हे 1402 आपल्या शकासारखं आहे. शके म्हटलं की 78 मिळवायचे. इथल्या जुन्या स्पॅनिश कालगणनेतून 38 वजा करायचे, की 1364 येतं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच मांडून पाहिलं असणार, कारण उत्तर आलं: "बरोबर. पण विजेता दोघांतला कोण?"

हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. आत गेल्यावर तो आणखी वाढला, कारण आतल्या अरबी लेखांत पेद्रोचं नाव येतं ते 'आमचा स्वामी सुलतान डॉन पेद्रो' असं.

'पातिओ दे लास दोन्सेयास' या चौकात मधोमध लांब हौद आणि दोन्ही बाजूंना खोल गेलेल्या बागा. चालायची वाट वर आणि झाडांचे शेंडे पायाशी. सोळाव्या शतकाच्या शेवटी कुणाला तरी हे आवडेनासं झालं आणि सगळ्या चौकावर संगमरवरी फरशी घातली गेली. सव्वाचारशे वर्षं ती बाग फरशीखाली होती. 2002 ते 2005 मध्ये उत्खनन झालं तेव्हा ती सापडली. हौदाच्या कडेच्या विटांतल्या एकमेकींत गुंतलेल्या कमानी आता पुन्हा उन्हात आहेत.

शेजारच्या दिवाणखान्यात लाकडी घुमट आहे, 1427 चा, सोन्याने भरलेला, आणि खाली घोड्याच्या नालासारख्या कमानी. त्या कमानींचे काही स्तंभशीर्ष इथले नाहीत. कोर्दोबाजवळच्या उद्ध्वस्त मदीना अझ-झहरा या नगरातून ते आणलेले, चारशे वर्षं जुने. 'स्पेसर'चा तुकडा नव्या गाण्यात बसवावा तसे. ही तुलना लेकीने केली, मी नाही, आणि मला ती मनापासून पटली. तिने पुढे हेही सांगितलं की 'आल्कासार' गटाच्या 2004 च्या एका गाण्यात डायना रॉसचं 'अपसाइड डाउन' आणि जेनेसिसचं 'लँड ऑफ कन्फ्यूजन' अशी दोन गाणी एकत्र जोडलेली आहेत. पहिलं परत रॉजर्स-एडवर्ड्सचंच. पेद्रोलाही चांगलं कामकरी घर माहीत होतं, तो पुन्हा तिथेच गेला.

बागेत मोर होते. तळघरातल्या लांबच लांब कमानींखाली हिरवट पाणी साठलेलं. त्याला पेद्रोची प्रेयसी मारिया दे पादिया हिचं नाव आहे. वरच्या मजल्यावर स्पेनचं राजघराणं सेव्हियाला आलं की अजूनही उतरतं.

संध्याकाळी सांता पावला मठात नारिंगाचा मोरावळा घेतला. तो तिथल्या जोगिणी करतात. बरणीवर 'नारांखा' आणि 'आसूकार'. नारिंग आणि साखर. लेबल मला भाषांतराशिवाय वाचता आलं.

दिवस चौथा: कोर्दोबा

रेल्वेने पाऊण तास. मेस्कीता, म्हणजे मशीद, जिच्या पोटात 1523 पासून कॅथीड्रल बांधलं गेलं. साडेआठशेच्या आसपास खांब, त्यांतले कितीतरी रोमन आणि (अरबांआधी इथे राज्य करणाऱ्या) व्हिसिगॉथांच्या इमारतींतून उचललेले. उंची कमी पडली म्हणून कमानीवर कमान चढवली. लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड. मधल्या कॅथीड्रलपाशी गेल्यावर मला गुदमरल्यासारखं झालं, हे कबूल करते. ते सुंदर नाही असं नाही. पण रानात चालताना अचानक दरबार लागावा तसं झालं.

ही मशीद सुरू केली पहिल्या अब्द अल-रहमानने. 750 मध्ये दमास्कसच्या त्याच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली, तो निसटला आणि 756 मध्ये इथे अमीर झाला. बागेत एक खजुराचं झाड पाहून, तूही माझ्यासारखंच परक्या देशात आलंस, अशी कविता त्याच्या नावावर आहे. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

आणि झिर्याब! बगदादचा हा गवई 822 मध्ये कोर्दोबात आला. ऊद या वाद्याला त्याने पाचवी तार लावली म्हणतात. कोणत्या ऋतूत कोणते कपडे घालावेत, केस कसे कापावेत, जेवणात आधी सार आणि शेवटी गोड हा क्रम, हे सगळं त्याच्याकडून लोक शिकले असं अरबी इतिहासकार लिहितात. गाण्याबरोबर पेहराव येतो, वळण येतं. लेक म्हणाली, "म्हणजे तेव्हाचा स्टारच." अगदी तोच.

इथेही एक आल्कासार आहे, 1328 मध्ये अकराव्या आल्फोन्सोने बांधलेला. 1486 मध्ये कोलंबस इथे राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो यांना भेटला. पुढे तिथे तीन शतकांवर इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाचं ठाणं होतं, नंतर तुरुंग. बागा छान राखल्यात. मला मात्र तिथे जास्त वेळ थांबवेना.

दिवस पाचवा: मदीना अझ-झहरा

शहरापासून आठेक किलोमीटर. तिसऱ्या अब्द अल-रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केल्यावर 936 च्या सुमारास हे नगर वसवायला घेतलं. डोंगरउतारावर तीन टप्पे, वर महाल, मध्ये बागा आणि दरबार, खाली वस्ती. 1010 मध्ये यादवीत लुटलं, जाळलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचंच आयुष्य. नंतर लोक दगड नेत राहिले. 1911 पासून उत्खनन चालू आहे आणि अजून दहावा हिस्साच उघडा झालाय. वरून खाली पाहिलं की गवताच्या शेतात चौकोन दिसतात, न खोदलेल्या घरांचे.

एका छपराखाली जमिनीवर दगडी नक्षीचे तुकडे मांडून ठेवलेले होते. बोटाएवढं पान, अर्धी वेल, एका डाळिंबाचा कोपरा. हजारो. माणसं ते कोड्यासारखे जुळवत आलीत, तीन पिढ्या. परवा सेव्हियात जे स्तंभशीर्ष सोन्याखाली दिमाखात होते, त्यांची भावंडं इथे उन्हात पडलेली. मला भरून आलं. लेक पण बराच वेळ काही बोलली नाही.

दिवस सहावा: ग्रानादाकडे

बसने पावणेतीन तास, संध्याकाळी अल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या चढावरून समोरचा तांबडा अलहंब्रा, सुलतानांचा किल्लेवजा महाल, आणि मागे सिएरा नेवादाचा बर्फ. बर्फ आमच्या मागे इथवर आलाच होता.

दिवस सातवा: अलहंब्रा

नासरी महालांच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, पासपोर्टही लागतो. ज्यांना जायचं आहे त्यांनी तिकीट काही महिने आधीच काढावं.

'अल-हमरा' म्हणजे तांबडी. 1238 मध्ये नासरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने टेकडीवर काम सुरू केलं, पण आज आपण जे बघायला जातो ते मुख्यतः पहिला युसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद यांचं, चौदाव्या शतकातलं. इथे मला तिसऱ्या दिवशीच्या प्रश्नाचा धागा सापडला. पाचव्या मुहम्मदाला 1359 मध्ये घरच्यांनीच गादीवरून हाकललं. 1362 मध्ये ती परत मिळवायला त्याला मदत केली सेव्हियाच्या पेद्रोने. दोघं मित्र. मग 1364 मध्ये पेद्रोच्या भिंतीवर मुहम्मदाच्या घराण्याचं ब्रीद लागतं, आणि त्याच काळात मुहम्मद इकडे सिंहांचा चौक बांधायला घेतो. 1369 मध्ये सावत्र भावाने पेद्रोला ठार केलं. महाल दोन्ही राहिले.

कोमारेसच्या दरबारात मान वर करून उभे राहिलो. लाकडाचे 8017 तुकडे जोडून केलेलं छत, सात स्वर्गांचं, ताऱ्यांवर तारे. तिथून सिंहांच्या चौकात. 124 बारीक खांब, मध्ये बारा सिंह, पाठीवर कारंज्याचं पात्र. त्या पात्राच्या कडेवर इब्न झमरक या वजीर-कवीची कविता कोरलेली आहे. त्यात तो म्हणतो की वाहतंय ते पाणी की संगमरवर, हे डोळ्यांना कळेनासं होतं. मी मुद्दाम बसून पाहिलं. पात्राच्या ओठावरून पाण्याचा पातळ पदर उतरत होता आणि त्याखाली अक्षरं हलत होती.

हे पाणी इतक्या उंचीवर येतं कसं? दार्रो नदीवर सहाएक किलोमीटर वर बंधारा घालून डोंगराच्या अंगाने पाट आणलाय, निव्वळ उतारावर. त्याला 'आसेकिया' म्हणतात, अरबी 'साकिया'. पाणी देणारी. आपल्या गझलांतला साकी त्याच घरचा. कृष्णेकाठी उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाची मी नात. अलहंब्राला लागून असलेल्या खेनेरालीफेच्या बागेत जिन्याच्या कठड्यावरून, कौलाच्या पन्हळीतून ते पाणी खळाळत उतरताना पाहून आजोबांची आठवण आली. ऊससुद्धा या किनाऱ्यावर अरबांनीच लावला होता. फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "पाणी बारमाही आहे का?"

बारमाही आहे बाबा, अजून त्याच पाटाने.

2 जानेवारी 1492 ला शेवटच्या सुलतानाने, बोआब्दिलने, इसाबेला आणि फर्नांदो यांना किल्ल्या दिल्या. पुढे राजा पाचव्या कार्लोसने महालांना खेटून आपला चौकोनी प्रासाद उठवला. जुन्यातलं बरंचसं त्याने तसंच राहू दिलं. 1812 मध्ये माघार घेताना नेपोलियनच्या फौजेने काही बुरूज सुरुंगाने उडवले, ते पडके बुरूज आजही दिसतात.

दिवस आठवा: परत

सकाळच्या बसने मालागा. विमानाला वेळ होता म्हणून पुन्हा कसब्याच्या पायथ्याशी गेलो. तिथल्या मोठ्या वाड्यात आता संग्रहालय आहे; नाव 'पालासिओ दे ला आदुआना', म्हणजे जुनं जकातघर. पहिल्या दिवशी त्या पाटीखालून मी तशीच गेले होते. आदुआना म्हणजे अद-दीवान. दिवाण. लेकीला सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं: कसबा, काझी (इथे 'आल्काल्दे', म्हणजे महापौर), वजीर ('आल्ग्वासिल', म्हणजे कोर्टाचा बेलीफ), दिवाण, नारिंग, साखर, साकी. सर्वांत वर तिने 'आल्कासार' लिहिलं आणि पुढे कंसात 'आमचा पण'.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा उणे सहा. जाकिटंसुद्धा न काढता तिने टीव्ही लावला, फेरी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी पाव भाजले आणि मठातली बरणी उघडली.

"कडू आहे?" तिने विचारलं.

"आधी कडू, मग गोड," मी म्हटलं, आणि तिने दुसरा पाव घेतला.